इंग्लंडातलं खेडं, सहा रिकामे दिवस आणि एक शनिवार

शिवसागरकाठ
गुरुवार, १६ एप्रिल, रात्री

मंडळी, नमस्कार. चार वर्षं इथे वाचनमात्र आहे. धागा पहिलाच, सांभाळून घ्या.

मी डावखुरा फिरकी टाकतो. गाव पाटण तालुक्यात, बारावीनंतर पुण्यात. तिथे एका क्लबकडून इन्व्हिटेशन लीग खेळलो, एकदा जिल्ह्याच्या संभाव्य तिसांत नाव आलं, पंधरांत आलं नाही. वय २३. गेल्या शनिवारी इंग्लंडला पोचलो. वेस्ट यॉर्कशरमधल्या एका खेड्याच्या क्लबकडून सप्टेंबरपर्यंत खेळणार आहे. गावाचं नाव देत नाही, इथे सगळे सगळ्यांना ओळखतात. काउंटी-बिउंटी, म्हणजे इकडचं मोठं पगारी क्रिकेट, तसलं काही नाही. शनिवारची लीग, पन्नास षटकांची मॅच, सीमारेषेपलीकडे बंद पडलेल्या गिरणीची चिमणी. पैसे मिळत नाहीत, उलट मीच घालून आलोय.

मँचेस्टर विमानतळावर क्लबचे सेक्रेटरी घ्यायला आले होते. सत्तरीचे असतील. पाटी-बिटी नाही, क्लबची टोपी हातात उंच धरून उभे. गाडीत बसल्या बसल्या विचारलं, स्वेटर किती आणलेस? म्हटलं, एक. त्यानंतर पाच मिनिटं ते काही बोललेच नाहीत.

मंगळवारी पहिलं नेट झालं. तापमान सहा डिग्री. टेकडीवरची मेंढरंसुद्धा दगडी कुंपणाच्या आडोशाला गोळा झालेली. चेंडू हातात घेतला तर नदीतला गोटा! तर्जनीला शिवण जाणवतच नव्हती, आणि आमचं सगळं दुकान त्या एका बोटावर. पहिला चेंडू नेटच्या छतावर, दुसरा माझ्याच पायाशी. कप्तान येऊन म्हणाला, "ऑलराइट?" मला वाटलं, बरं नाहीये का असं विचारतोय. म्हणून त्याला सविस्तर सांगायला लागलो, प्रवासात झोप नाही, बोट बधिर झालंय वगैरे. बिचारा ऐकत उभा राहिला. दुसऱ्या दिवशी कळलं की ते आपल्या रामराम-सारखं आहे. उत्तर म्हणून आपणही "ऑलराइट" म्हणायचं आणि पुढे चालू लागायचं.

त्याच कप्तानाने बुधवारी साडेपाचला "टी"ला घरी बोलावलं. चहाबरोबर बिस्किटं असतील म्हणून मी चार अंडी आणि सहा स्लाइस ब्रेड खाऊन गेलो. समोर आलं ते अख्खं जेवण. इकडे संध्याकाळच्या जेवणालाच टी म्हणतात आणि दुपारच्या जेवणाला डिनर. पानात टाकायचं नाही अशी घरची शिकवण, सगळं संपवलं. रात्रभर कूस बदलत होतो.

राहायला क्लबच्या एका सदस्याच्या आईचं घर आहे. आजी गेल्या वर्षी वारल्या, घर रिकामं होतं, नाममात्र भाड्याने दिलंय. रविवारी रात्री वीज गेली. मी आपला निवांत, मेणबत्ती शोधली, म्हटलं लोडशेडिंग. कोयनेकाठचा माणूस, वीज आमच्या दारातून जाते आणि आमच्याकडे नसते, याची सवय आहे. सकाळी खिडकीतून बघितलं तर शेजारच्या घरात दिवे. इथे प्रीपेड मीटर आहे, प्लास्टिकची एक किल्ली कोपऱ्यावरच्या दुकानात नेऊन तिच्यात पैसे भरायचे. ती किल्ली चहाच्या कपाटात आजींच्या औषधांच्या डबीखाली सापडली.

आता खरं दुखणं. नेट आठवड्यातून दोनदा, मंगळवारी आणि गुरुवारी संध्याकाळी सहाला. मॅच शनिवारी. बस. बाकी सगळे कामावर जातात. एक प्लंबर, दोन मास्तर, एक बँकेत. पुण्यात सकाळी नेट, संध्याकाळी नेट, रविवारी मॅच, मधल्या वारी कुठेतरी टेनिस बॉलची टुर्नामेंट. हात रिकामा राहिलाच नाही कधी. इथे पहाटे पाचला डोळे उघडतात आणि संध्याकाळी सहापर्यंत भिंती. उजेड तर रात्री साडेआठपर्यंत, दिवस संपता संपत नाही. घरी फोन लावला की आई विचारते, आज काय केलंस? काय सांगू?

जे बाहेर राहून खेळलेत त्यांनी सांगा, हे दिवस कसे काढलेत? आणि बोटाचं काय करू?


दादरचा म्हातारा
शुक्रवार, १७ एप्रिल

ओल्या, गार चेंडूची तक्रार मुंबईची पावसाळी कांगा लीग खेळलेल्या माणसापुढे करतोस होय रे? अख्ख्या जगात क्रिकेट पाऊस आला की थांबतं, आम्ही १९४८ पासून पाऊस आला की सुरू करतो. आझाद मैदानावर गवत पोटरीएवढं, चौका म्हणून मारलेला चेंडू वीस यार्डांवर रुतून बसायचा. चेंडू म्हणजे साबणाची वडी. मीही डावखुराच, म्हणून सांगतो. रुमाल पँटच्या मागच्या खिशात नको, तिथला ओला होतो. शर्टाच्या आत, पोटाशी ठेव. आणि पहिल्या दोन षटकांत फिरवायच्या फंदात पडू नकोस. नुसता टप्पा धर. बोट जागं झालं की तेच फिरवेल.

एक फरक मात्र आहे. आमच्याकडे पाऊस होता, गारठा नव्हता. गारठ्यातलं मला विचारू नकोस.


ब्रॅडफर्डची ताई
शुक्रवार, १७ एप्रिल

अरे, तू तर आमच्या अंगणात आलास! मी बावीस वर्षं इकडे. मीटरच्या किल्लीला इमर्जन्सी क्रेडिट असतं, पैसे संपले तरी थोडी वीज मिळते. मीटरमध्ये किल्ली घातली की पडद्यावर दिसेल. एकदा वापरून बघ म्हणजे रात्री घाबरणार नाहीस. आणि मोठी दुकानं रविवारी सहाच तास उघडी असतात, चारला शटर खाली. शनिवारी मॅच आणि रविवारी उशिरा उठलास तर उपाशी राहशील. थर्मल बनियन दोन घे, स्वेटरपेक्षा त्याने भागतं. जून आला तरी कपाटात आत टाकू नकोस.

आता एक गंभीर. तू पैसे घेत नाहीस म्हणालास, म्हणजे व्हिझिटर व्हिसावर हौशी खेळाडू म्हणून आला असणार. कुणीतरी क्लबातलं प्रेमाने म्हणेल, शुक्रवारी पोरांना शिकव, हे घे चाळीस पौंड. घेऊ नकोस. अगदी पाकिटात घालून दिले तरी नको. पैसे घेऊन खेळायचं किंवा शिकवायचं तर खेळाडूंसाठी वेगळा व्हिसा आहे आणि त्याला ईसीबीची, म्हणजे इकडच्या क्रिकेट बोर्डाची, शिफारस लागते. आमच्या ओळखीतल्या एका मुलाचा पुढच्या वर्षीचा व्हिसा याच भानगडीत अडकला. एजंट काय सांगतो ते ऐकू नकोस, सरकारी संकेतस्थळावर स्वतः वाच.


तिरकस
शुक्रवार, १७ एप्रिल

म्हणजे स्वतःचे पैसे खर्चून परगावच्या प्लंबरांबरोबर शनिवारी क्रिकेट. हेच कराडच्या शिवाजी स्टेडियमवर फुकटात झालं असतं. परत आल्यावर छातीवर "इंग्लंड रिटर्न" छापून अकॅडमी काढणार, महिना अमुक हजार फी. असे पाच-सहा बघितलेत. राग मानू नये.


टेनिसवाली
शुक्रवार, १७ एप्रिल

तिरकसराव, सगळे सारखे नसतात हो.

शिवसागर, माझं अगदी उलटं झालं होतं. पुण्याहून टेनिसच्या स्कॉलरशिपवर अमेरिकेतल्या कॉलेजात गेले. एनसीएए, म्हणजे तिकडची कॉलेजच्या खेळांची संस्था, तिचा नियम आठवड्याला जास्तीत जास्त वीस तास सरावाचा. वाटलं, वीसच ना? पहाटे सहाला वजनं उचलायची, मग वर्ग, मग दोन तास कोर्ट, मग अभ्यासिका सक्तीची. फिजिओकडे बर्फात बसणं, बसने आठ तास दुसऱ्या राज्यात जाणं, यातलं बरंच त्या वीसात धरतच नाहीत. पहिले दहा दिवस मी रडायचं ठरवायचे आणि वेळ मिळायचा नाही. तुला वेळ आहे म्हणून तू कुढतोयस. मला आज वाटतं, तेव्हा रडले असते तर बरं झालं असतं, ते सगळं नोव्हेंबरात एकदम बाहेर आलं.

सल्ला असा नाही, पण घड्याळ लाव. पाचला जाग येते ना, मग पाचलाच पळायला जा. भिंती बघत पडू नकोस.


फिजिओ_मी
शुक्रवार, १७ एप्रिल

बोटाबद्दल. बधिर हात थेट कढत पाण्यात घालू नका. कोमट चालेल. खेळाच्या दुकानात हात गरम ठेवायच्या पुड्या मिळतात. आत लोखंडाची भुकटी असते, हवा लागली की तापते, पाच-सहा तास टिकते. डाव्या खिशात एक ठेवा आणि क्षेत्ररक्षण करताना बोटं तिच्यावर. नुसतं बोट गरम करून भागत नाही, खांदा आणि पुढचा हात गार असेल तर बोटापर्यंत रक्त येणार कुठून? टाकण्याआधी दहा मिनिटं हात फिरवा. तिकडच्या कोरड्या गारठ्यात तर्जनीची कातडी शिवणीने फाटते, रात्री व्हॅसलीन लावून झोपा. एकदा फाटली की हंगामभर पुरते.


स्कोअरबुक
शुक्रवार, १७ एप्रिल, रात्री

धागा वाचून राहवलं नाही. लांबण लागेल, माफी असावी.

तुम्ही जिथे आहात तिथून डोंगर ओलांडला की लँकशर. तिथल्या गिरण्यांच्या गावांनी शंभर वर्षं बाहेरचा एक खेळाडू पगारावर आणायचा शिरस्ता पाळला. विनू मांकड १९५२ साली हॅस्लिंग्डनचे प्रो, म्हणजे असे पगारी खेळाडू, होते. आपल्या बोर्डाने इंग्लंड दौऱ्यातल्या जागेची हमी दिली नाही, म्हणून त्यांनी क्लबचा करार धरला. हेडिंग्लेच्या कसोटीत आपली दुसऱ्या डावात शून्यावर चार बाद अशी अवस्था झाल्यावर बोर्डाला मांकड आठवले. क्लबकडून सोडवून घेतलं आणि माणूस लीगमधून उठून लॉर्ड्सला गेला. सलामीला ७२ आणि १८४, गोलंदाजीत १९६ धावांत पाच बळी. तेही डावखुरे फिरकीवालेच.

पण तुम्ही विचारलंय पहिल्या दिवसांबद्दल, तर लिअरी कॉन्स्टंटाइन. त्रिनिदादचा, १९२९ साली नेल्सनला आला. गावाने काळा माणूस क्वचितच पाहिलेला, पोरं खिडकीतून डोकावायची, निनावी पत्रं यायची. एका हंगामानंतर परत जायच्या विचारात होता, बायकोने, नॉर्माने थांबवलं. १९३७ पर्यंत तो नेल्सनकडून खेळला आणि १९४९ पर्यंत त्याच गावात राहिला. पुढे ब्रिटनच्या उमराव सभेत जाणारा पहिला काळा माणूस झाला.

ऑस्ट्रेलियाचा फिरकीवाला शेन वॉर्न १९९१ साली अ‍ॅक्रिंग्टनला होता. ७३ बळी घेतले, पण बॅट चालली नाही, आणि प्रोने धावाही काढायच्या असा रिवाज. पुढच्या वर्षी क्लबने परत बोलावलं नाही. नंतर त्याचं काय झालं ते सांगायला नको.

आणि तुमच्याच यॉर्कशरमध्ये १९९२ साली १९ वर्षांचा सचिन. त्या काउंटीने तोवर परदेशी खेळाडू घेतलाच नव्हता. ऑस्ट्रेलियाचा क्रेग मॅकडरमॉट दुखापतीने येऊ शकला नाही म्हणून हा आला. सपाट टोपी घालून हातात बिअरचा ग्लास धरलेला त्याचा फोटो सगळ्यांनी पाहिलाय. प्रथम श्रेणीत १०७० धावा, शतक मात्र एकच. त्या हंगामाला "बरा" म्हणणारे आजही भेटतात. १९ व्या वर्षी, घरापासून इतक्या लांब, १०७० धावा आणि "बरा"!


सांगलीवाडी
शनिवार, १८ एप्रिल

स्मृती मानधनाला विसरू नका राव. सांगलीची पोरगी, २०१६ ला ब्रिस्बेनकडून ऑस्ट्रेलियाची बिग बॅश लीग खेळायला गेली. ती आणि हरमनप्रीत, तिथे खेळणाऱ्या पहिल्या भारतीय दोघीच. त्याच मोसमात गुडघा गेला. २०१८ ला इंग्लंडच्या सुपर लीगमध्ये सर्वाधिक धावा तिच्याच.


शिवसागरकाठ
रविवार, १९ एप्रिल

सगळ्यांचे आभार. म्हातारेबुवा, रुमाल पोटाशी. फिजिओ, पुड्या घेतल्या, एका पौंडात दोन. ताई, इमर्जन्सी क्रेडिट सापडलं. चाळीस पौंडांचं तुम्ही लिहिलंत आणि त्याच संध्याकाळी ज्युनिअरच्या कोचने पाकीट पुढे केलं, अगदी आकड्यासकट. नको म्हटलं. त्याला वाटलं कमी पडले, पन्नास म्हणाला. शेवटी व्हिसाचं सांगितलं तेव्हा त्याचाच चेहरा पडला, त्याला खरंच माहीत नव्हतं.

तिरकसराव, राग नाही. खर्च दोन लाख ऐंशी हजार, त्यातले दीड लाख वडिलांनी पतपेढीतून काढलेत. अकॅडमीचं माहीत नाही. मला फक्त एकदा सलग पाच महिने फक्त क्रिकेट खेळून बघायचं होतं. आता इथे आल्यावर कळतंय की पाच महिन्यांत शनिवार बावीसच येतात.

आणि त्यातला एक काल गेला.

साडेबाराला मॅच. अकराला सगळे हजर. सव्वाअकराला पाऊस, आपल्यासारखा कोसळणारा नाही, पीठ चाळल्यासारखा. कव्हर घातलं. दोनला पंच छत्री घेऊन मधे गेले, चिखलात बूट दाबून परत आले. तीनला पुन्हा गेले. साडेतीनला मॅच रद्द. पण टी मात्र झाली! दोन्ही संघांनी मिळून अंड्याची, चीज-कांद्याची सँडविचं, केक, सगळं फस्त केलं. प्रतिस्पर्धी कप्तानाने स्वयंपाकघरात जाऊन बायांचे आभार मानले आणि मंडळी घरी.

त्या चार तासांत आमच्या सलामीच्या फलंदाजाशेजारी बसलो होतो. माझ्याच वयाचा, जन्म इथलाच, बोली अस्सल यॉर्कशरची. घरी पहाडी बोलतात, त्यामुळे हिंदी समजते. विचारलं, मूळ कुठले? म्हणाला, मीरपूर (पाकव्याप्त काश्मीरमधलं). आजोबा इथल्या गिरणीत रात्रपाळीला होते. गाव कसं आहे विचारलं तर म्हणाला, गाव नाही, पाण्यात आहे. १९६० च्या दशकात झेलमवर मंगला धरण झालं, लाखावर माणसं उठली, त्यातली कितीतरी इकडे कापडगिरण्यांत आली.

मी म्हटलं, आमचं पण पाण्यात आहे. कोयना धरण, शिवसागर. आजोबांचं घर, देऊळ, सगळं. तो म्हणाला, उन्हाळ्यात दिसतं? म्हटलं, पाणी फार उतरलं तर देवळाचा चौथरा दिसतो. तो म्हणाला, आमच्याकडे पण, जुन्या मीरपूरच्या दर्ग्यांचे घुमट वर येतात, लोक दर्शनाला जातात. मग आम्ही बराच वेळ पाऊस बघत बसलो. जाताना त्याने डबा दिला, त्याच्या आईने केलेला आलू-गोश्त. आठ दिवसांत पहिल्यांदा हाताने जेवलो.


दादरचा म्हातारा
रविवार, १९ एप्रिल

पंचांनी बूट दाबून मॅच रद्द केली? आमच्या वेळी पंचांचा बूट चिखलातून निघाला नाही तर पायमोज्यावर उभे राहायचे.

डब्याचं वाचून बरं वाटलं.


पाटणची लेक
सोमवार, २० एप्रिल

माझं माहेर धरणग्रस्तांच्या वसाहतीतलं, रायगडकडे. देवळाचा चौथरा वाचला आणि पुढे वाचवलं नाही. भाऊ, तू कुठल्या गावचा ते इथे नको, वेगळ्या निरोपात कळव. बहुतेक आपल्या आज्या एकाच पाणवठ्यावर असतील.


तिरकस
सोमवार, २० एप्रिल

धाग्याचं धरण झालं. क्रिकेट कुठाय?

(पतपेढीचं माहीत नव्हतं. माझं विधान जरा जास्तच झालं.)


शिवसागरकाठ
सोमवार, २७ एप्रिल

क्रिकेट आलं, तिरकसराव. घ्या.

१३ षटकं, १ निर्धाव, ६१ धावा, शून्य बळी. फलंदाजीला आठव्या क्रमांकावर, नाबाद ४. हरलो.

ऊन होतं, नऊ डिग्री, पुडी खिशात, बोट ठीक. त्यामुळे थंडीवर ढकलता येत नाही. पुण्यात माझा चेंडू टप्पा पडला की निघतो. इथे टप्पा पडला की विचार करतो. खेळपट्टी इतकी मऊ की फलंदाजाला दोनदा मन बदलायला वेळ. एक गडी होता, शेतकरी, हात खोऱ्याच्या दांड्यासारखे. पुढचा पाय टाकून मला स्क्वेअर लेगवरून मेंढरांत मारायचा. तीनदा मारलं. तिसऱ्या वेळी चेंडू शोधायला मीच कुंपणावरून चढून गेलो, कारण माझीच करणी.

कुणी एक अक्षर बोललं नाही. तेच जास्त लागलं. पुण्यात कोचने आईबहीण काढली असती आणि विषय संपला असता. इथे सगळे "अनलकी" म्हणतात. तीन षटकार कसे काय अनलकी?

रात्री झोप नाही. डोक्यात एकच हिशेब, आता पुढचा चेंडू सहा दिवसांनी. घरी हात खराब गेला तर संध्याकाळी नेटमध्ये धुऊन काढायचा. इथे तो खराब हात घेऊन सहा दिवस राहायचं, त्याच्याबरोबर जेवायचं, त्याच्याबरोबर बाजारात जायचं.

टेनिसवाली ताई म्हणाल्या तसं आज पहाटे पळायला गेलो. परतताना मैदानावरून आलो, तर माळीकाका एकटेच रोलर सुरू करत होते. ग्राउंड्समन म्हणतात, पण आमच्या भाषेत माळीच. पंचाहत्तरीचे, हातावर जुनी गिरणीतली जखम. मला म्हणाले, काही काम आहे का तुला? म्हटलं, शनिवारपर्यंत नाही. म्हणाले, मग ये.

दोन तास त्यांच्याबरोबर होतो. शनिवारची खेळपट्टी दाखवली, माझे टप्पे जिथे पडले तिथे अंगठा दाबायला लावला. अर्धा इंच आत. म्हणाले, इथे फिरवतोस कशाला, चिखल काय फिरणार? मग दुसऱ्या टोकाला नेलं. आमचं मैदान टेकडीवर आहे, एका बाजूला चांगलंच उतरतं. गिरणीच्या टोकाकडून टाकलं तर उजव्या फलंदाजासाठी उतार बाहेरच्या बाजूला, म्हणजे माझ्या फिरकीच्याच दिशेला. मी १३ च्या १३ षटकं चर्चच्या टोकाकडून टाकली होती, चढावर फिरवत! कप्तानाने विचारलं तेव्हा मीच मागून घेतलं होतं ते टोक, का तर वारा पाठीवर येतो म्हणून.


दादरचा म्हातारा
सोमवार, २७ एप्रिल

माळ्याशी दोस्ती, हे आम्ही सांगायचं राहूनच गेलं. आमच्या क्लबात मॅचच्या आदल्या संध्याकाळी माळ्याला चहा पाजल्याशिवाय कप्तान टॉसला जायचा नाही. वारा पाठीवर जलदवाल्याला हवा रे, तुला नाकावर हवा. समोरून वारा आला की चेंडू हवेत अडतो, फलंदाज आधीच खेळून मोकळा होतो. एवढं कुणी शिकवलं नाही पुण्यात?


स्कोअरबुक
मंगळवार, २८ एप्रिल

वाऱ्याच्या मुद्द्याला अनुमोदन. उंची द्या. अशा खेळपट्टीवर वेग कमी करायचा नाही, उंची वाढवायची. शेतकऱ्याला मेंढरांत मारू दे, पण लाँग ऑनवरून मारायला लावा, स्क्वेअर लेगवरून नको.


ब्रॅडफर्डची ताई
मंगळवार, २८ एप्रिल

"अनलकी" हा इकडचा शिष्टाचार आहे रे, मनाला लावून घेऊ नकोस. ते "इंटरेस्टिंग" म्हणाले असते तर काळजी करायची. येत्या रविवारी आमच्याकडे ये, पिठलं-भाकरी करते. ज्वारीचं पीठ मिळतं इकडे. येताना त्या सलामीवाल्यालाही आण.


शिवसागरकाठ
सोमवार, ४ मे

घाईत लिहितोय.

शनिवारी गिरणीच्या टोकाकडून, वाऱ्यावर. १५ षटकं, ४ निर्धाव, ३७ धावा, २ बळी. दोन झेल सुटले, ते खरंच अनलकी. एक बळी तर असा की फलंदाज पुढे आला, चेंडू वाऱ्यात थांबला, तो आपला बॅट फिरवून रिकामा, आणि यष्टिरक्षकाने हसत हसत बेल्स उडवल्या. त्या क्षणी कराडपासून इथपर्यंतचं सगळं भाडं वसूल. तीन गडी राखून जिंकलो.

पुढच्या षटकात सुटलेला झेल सलामीवाल्याचा होता. काल ताईंकडे पिठल्यावर ताव मारताना त्यानेच तीनदा माफी मागितली. ठेचा त्याला झेपला नाही, आणि मला म्हणतो हे आमच्या आईला पाहिजे. बाटली भरून घेऊन गेला.

वडिलांना फोन केला. ३७ आणि २ सांगितलं. म्हणाले, पूर्ण पन्नास षटकं झाली ना, पाऊस नाही ना आला? बास. पतपेढीबद्दल मी विचारलं, तर विषय बदलला, म्हणाले पाटणला यंदा वळीव चांगला झालाय.

पाचची जाग आता सातवर गेलीय. सोमवारी आणि बुधवारी माळीकाकांबरोबर असतो. पैसे नाहीत, ताई, काळजी नको. दहाला ते थर्मासमधला चहा देतात, इतका काळा की आपल्या टपरीवालाही लाजेल. शनिवारच्या खेळपट्टीची बुजवाबुजव आज चालू आहे. माझ्याच पायाने पडलेल्या खड्ड्यात मातीचा गोळा घालून मीच धुमसाने ठोकतोय. डावखुऱ्याचा खड्डा वेगळ्या जागी पडतो, काका म्हणाले, तीस वर्षांत तिथे कुणी पाय आपटला नव्हता.

म्हातारेबुवा, एक विचारायचं राहिलं. गोलंदाजीच्या हाताच्या कोपराजवळ, आतल्या बाजूने, पंधरा षटकांनंतर ओढल्यासारखं होतंय. पुण्यात सलग पंधरा कधी टाकलीच नव्हती. फिजिओ, तुम्हीही बघा. शनिवारपर्यंत पाच दिवस आहेत.


फिजिओ_मी
सोमवार, ४ मे

धुमस उजव्या हाताने मारा.